बाट आणि बट्टा

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर सामान ताब्यात घेऊन कस्टमच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की आपण दुसऱ्या मजल्यावर असतो. डोळ्यांवर झोप, हातात ट्रॉली, खिशात एकही बाट, म्हणजे थायलंडचं चलन, नाही. समोर पैसे बदलून देणाऱ्या बँकांच्या उजळ खिडक्या ओळीने उभ्या. त्याच इमारतीत दोन मजले खाली तळघर आहे. शहरात जाणारी एअरपोर्ट रेल लिंक तिथून सुटते आणि स्टेशनच्या वाटेवर छोट्या छोट्या टपऱ्यांची रांग आहे. त्याही पैसेच बदलून देतात. वर शंभर डॉलर दिले तर जितके बाट मिळतात, त्यापेक्षा खाली दीडशे-दोनशे बाट जास्त मिळणं ही नेहमीची गोष्ट आहे. दिवस तोच, नोट तीच, फक्त सरकता जिना दोनदा उतरायचा.

हा फरक का पडतो, हे समजलं की परदेशातल्या रोख पैशाची बरीचशी भीती जाते. आणि ती भीतीच महाग पडते, असं माझं ठाम मत आहे. चार-पाच तासांच्या प्रवासानंतर अनोळखी गावात बिनपैशाने उभं राहण्याची जी धाकधूक असते, तिचाच दर वरच्या खिडक्यांच्या फलकावर लिहिलेला असतो.

आपल्याकडे हे नवीन नाही. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये बाजारात फिरत. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी पुऱ्या किमतीला चालत नसे. सराफ तो पारखून घेई आणि कमी भरलेल्या किमतीपोटी बट्टा कापी. नावाला बट्टा लागतो म्हणतो तो हाच शब्द. दूरगावी पैसे हुंडीने, म्हणजे सराफाच्या चिठ्ठीवर, पाठवायचे तर त्याचा आकार, हुंडणावळ, वेगळी. आजच्या फलकावर ‘नो कमिशन’ लिहिलेलं असलं तरी बट्टा कुठे गेलेला नसतो, तो भावात मुरलेला असतो. म्हणून कमिशन किती हे विचारण्यात अर्थ नाही. ‘एवढे डॉलर दिले तर माझ्या हातात एकूण किती बाट पडतील?’ एवढा एकच प्रश्न विचारायचा.

नोट ही शेवटी वस्तू आहे, हे एकदा मनात बसवून घ्यावं. बँकेच्या खात्यातला आकडा क्षणात देश ओलांडतो, पण कागदाची नोट पेटीत घालून, विमा उतरवून, विमानाने आणावी लागते, मोजावी लागते, तिजोरीत पडून ठेवावी लागते. मुंबईतल्या फॉरेक्सवाल्याकडे डॉलर रोज येतात आणि रोज जातात, त्यामुळे तो थोड्या फायद्यावर विकू शकतो. बाटाचं तसं नसतं. गिऱ्हाईक कमी, साठा कमी, उरला तर अडकलेला पैसा. तो आपला धोका भावात धरतो. बँकॉकमध्ये बाटाचं पीकच आहे. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, म्हणजे तिथे ते स्वस्त असतं. बाट बँकॉकमध्ये घ्यावेत आणि डॉलर मुंबईत, हा नियम याच म्हणीतून निघतो.

आता आकड्यांकडे येऊ. भाव रोज हलतात, म्हणून हिशेबापुरतं धरू की बाजारातला मधला भाव, म्हणजे खरेदी आणि विक्री यांच्या बरोबर मधला, १ बाटाला २ रुपये ६० पैसे आहे. आपल्याला १०,००० बाट हवेत. बट्टा नसता तर २६,००० रुपये लागले असते.

मुंबईच्या विमानतळावर आयत्या वेळी खिडकीवर जाऊन बाट मागितले तर ३ रुपयांच्या आसपास भाव लागणं काही अपवाद नाही. झाले ३०,०००. तेच चार दिवस आधी फोर्टात, दादरला किंवा पुण्यात कॅम्पात दोन-तीन ठिकाणी विचारून घेतले तर समजा २.७२ ने मिळाले, म्हणजे २७,२००. बाटाऐवजी शहरातून डॉलर घेतले, घेताना दीड टक्का बट्टा बसला, आणि ते डॉलर सुवर्णभूमीच्या तळघरात मोडताना आणखी एक टक्का, तर एकूण २६,६५० च्या घरात काम होतं. दोनदा बदलूनही स्वस्त पडतं, कारण दोन्ही वेळा आपण भरपूर उलाढाल असलेल्या बाजारात उभे असतो.

एटीएमचा हिशेब जरा लांब आहे. थायलंडमधल्या बँका परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट शुल्क घेतात, काही यंत्रांवर त्याहून जास्त. म्हणजे खात्यातून १०,२२० बाटांची रक्कम जाते, २६,५७२ रुपये. त्यावर आपली भारतातली बँक परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे भावावर चढवलेली आपली टक्केवारी, लावते. तो साडेतीन टक्के धरला तर ९३० रुपये, त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटीचे १६७, आणि परदेशी एटीएम वापरल्याचे सव्वाशेच्या आसपास अधिक जीएसटी. बेरीज २७,८०० च्या वर जाते. मार्कअप आणि एटीएम शुल्क दोन्ही न घेणारं कार्ड असेल तर मात्र २६,५७२ वरच थांबते, आणि मग हा मार्ग डॉलरपेक्षाही सरस ठरतो. तुमच्या कार्डाचा मार्कअप किती, हे बँकेच्या शुल्कपत्रकात लिहिलेलं असतं. तिकीट काढण्याआधी नाही, तरी निघण्याआधी तो आकडा माहीत हवाच.

२२० बाट हे शुल्क रकमेवर अवलंबून नाही, ही त्यातली मेख आहे. २,००० बाट काढले तर ते अकरा टक्के होतं, २०,००० काढले तर जेमतेम एक टक्का. ‘लागतील तसे थोडे थोडे काढू’ हा आपला घरचा शहाणपणा इथे उलटा पडतो. काढायचे तर एकदाच, भरपूर.

डॉलर घ्यायला जाताना पासपोर्ट, पॅन कार्ड, तिकीट आणि लागत असेल तर व्हिसा सोबत न्यायचा. प्रवासाच्या तारखेच्या ६० दिवस आधीपासून चलन घेता येतं. दुकानात रिझर्व्ह बँकेचा परवाना लावलेला दिसला पाहिजे. ५०,००० रुपये किंवा त्याहून मोठी खरेदी असेल तर पैसे रोख देता येत नाहीत, धनादेश, कार्ड किंवा बँकेतूनच द्यावे लागतात. बहुतेक देशांसाठी माणशी एका प्रवासाला ३,००० डॉलरइतकंच परकीय चलन नोटांच्या रूपात नेता येतं. बाकीचं कार्डावर. जीएसटी किरकोळ असतो. लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीत किमतीचा एक टक्का, किमान २५० रुपये, हे मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के लावतात. २५,००० पर्यंत ४५ रुपये, लाखाला १८०. याहून फार जास्त कापलं असेल तर विचारा. पावती घ्या आणि परत येईपर्यंत जपा.

मग नोटा नीट पाहा, आणि इथे संकोच करू नका. बँकॉकच्या फलकावर डॉलरच्या एकाच नावाखाली तीन-चार भाव असतात. १०० च्या नोटेला सर्वांत चांगला, ५० ला त्याखालोखाल, २०, १० आणि ५ ला आणखी कमी, आणि १ च्या नोटेला सगळ्यांत कमी. कारण सरळ आहे. हजार डॉलर दहा नोटांत असोत की पन्नास, मोजण्याचे, तपासण्याचे, परत पाठवण्याचे कष्ट नोटेमागे असतात. मुंबईतला दुकानदार गल्ल्यात असतील त्या वीसच्या नोटा पुढे करतो. त्याला ‘शंभरच्याच द्या, निळ्या पट्टीच्या द्या’ असं स्पष्ट सांगावं. ती निळी पट्टी २०१३ पासून आलेल्या शंभराच्या नोटेवर आहे. जुन्या नोटेला कुठे भाव कमी देतात, कुठे घेतच नाहीत. पेनाने लिहिलेला आकडा, शिक्का, स्टेपलरची भोकं, दुमडून मऊ पडलेली कड, कोपऱ्यावरची फाट, यांतलं काहीही असेल तर नोट तिथल्या तिथे बदलून घ्या. आपल्याकडे नोटेवर लिहिण्याचं कुणाला काही वाटत नाही. तिकडे त्याच कारणाने खिडकीतून नोट परत येते.

नुसते भारतीय रुपये नेले तर? बँकॉकच्या मोठ्या बदलणाऱ्यांच्या फलकावर रुपया असतो आणि भाव वाईटच असतो असंही नाही. पण भारतातून बाहेर जाताना माणशी २५,००० रुपयांपर्यंतच नेता येतात, आणि तिथे ५०० च्या नोटेला जो भाव, तो १०० च्या नोटेला मिळेलच असं नाही. परतल्यावर मुंबईत टॅक्सीला लागणारे चार-पाच हजार रुपये तसेही जवळ असतात. अडचणीला ते उपयोगी पडतात एवढं ध्यानात ठेवावं, मुख्य भिस्त त्यांच्यावर नको.

विमानातून उतरल्यावरची पहिली खिडकी बदलणाऱ्याची नसते, इमिग्रेशनची असते. अधिकारी कधी कधी खर्चापुरते पैसे दाखवा म्हणतो. तिथे बाटच हवेत असं नाही, तेवढ्या किमतीचे डॉलर चालतात. म्हणून डॉलर चेक-इनच्या बॅगेत नाही, अंगावर असावेत. आपल्या आज्या कनवटीला किंवा चंचीत पैसे ठेवत, तसे निम्मे एका जागी आणि निम्मे दुसऱ्या. एकाच पाकिटात सगळं ठेवलं आणि ते हरवलं तर कार्डही जातं, रोखही जाते.

तळघरात उतरल्यावर पहिल्या टपरीशी थांबू नये. ‘सुपररिच’ या नावाचा एक नारिंगी फलक दिसतो, एक हिरवा. नाव सारखं असलं तरी त्या वेगळ्या कंपन्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी आणखी काही आहेत. चार-पाच फलक वाचायला दोन मिनिटं लागतात. फलकावर ‘बाइंग’ आणि ‘सेलिंग’ असे दोन रकाने असतात आणि ते नेहमी दुकानदाराच्या बाजूने लिहिलेले असतात. तुम्ही डॉलर देता, तो विकत घेतो, म्हणून तुमचा भाव ‘बाइंग’ खालचा. घाईत लोक शेजारचा मोठा आकडा वाचतात आणि मग फसवलं म्हणून वाद घालतात. शंभर डॉलरचे साधारण तीन ते सव्वातीन हजारांच्या घरात बाट येतात, त्या दिवसाचा नेमका भाव निघण्याआधी फोनवर पाहून ठेवावा. मधल्या भावापेक्षा खिडकीचा भाव एका टक्क्याने कमी असेल तर तो उत्तम. तीन टक्क्यांनी कमी असेल तर चालेल. सहा-सात टक्क्यांनी कमी असेल तर तुम्ही चुकीच्या मजल्यावर आहात.

मूळ पासपोर्ट लागतो, फोनमधला फोटो पुरत नाही. नोटा काचेखालून आत देण्याआधी आपण मोजायच्या आणि आकडा तोंडाने सांगायचा. बाहेर आलेले बाट तिथेच, खिडकीसमोर उभं राहून, पावतीशी ताडून मोजायचे. मागच्या माणसाची घाई आपल्या अंगावर घ्यायची नाही. खिडकीपासून दूर गेल्यावर केलेली तक्रार कुणीच ऐकू शकत नाही, कारण खरं-खोटं करायला काही उरतच नाही.

रात्री उशिरा किंवा अगदी पहाटे उतरणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. तळघरातल्या सगळ्याच टपऱ्या चोवीस तास उघड्या नसतात, आणि रेल्वेही मध्यरात्रीनंतर बंद असते. अशा वेळी वरच्या मजल्यावर फक्त ५० किंवा १०० डॉलर मोडावेत. शंभर डॉलरवर दोनशे बाट गेले तर जाऊ द्यावेत, ती रात्रीची किंमत समजावी. सातशे डॉलर तिथेच मोडले तर चौदाशे बाट जातात. बाकीचे दुसऱ्या दिवशी शहरात.

पहिल्या काही तासांना किती लागतात? रेल्वेने गेलात तर शहरातल्या फाया थाइ स्टेशनापर्यंत माणशी ४५ बाट. टॅक्सीने गेलात तर पहिल्या मजल्यावर यंत्रातून रांगेची चिठ्ठी घ्यायची, तिच्यावर गाडीचा जागा-क्रमांक असतो, आणि ती चिठ्ठी उतरेपर्यंत चालकाच्या हातात द्यायची नाही, कारण तक्रार करायची वेळ आली तर तीच उपयोगी. मीटरच्या वर विमानतळाचे ५० बाट, आणि जलदमार्गाचा टोल आपण रोख भरायचा. शहरात मध्यवर्ती भागापर्यंत तीन-चारशे बाट धरावेत. पाणी, सिमकार्ड, रात्रीचं जेवण धरून दोघांना दीड-दोन हजार बाट पहिल्या दिवशी पुरे होतात.

पण ते दोन हजार बंद्या नोटांत असले तर कामाचे नाहीत. थायलंडमध्ये नोटा २०, ५०, १००, ५०० आणि १,००० च्या. बदलणारा सवयीने हजाराच्या नोटा देतो. टॅक्सीवाल्याकडे हजाराची मोड नसते, निदान तो तसं म्हणतो, आणि टोलच्या खिडकीवर मागे गाड्या तुंबलेल्या असताना हजाराची नोट काढणं आपल्यालाच अवघड वाटतं. म्हणून खिडकीवरच सांगावं, ‘एक हजार सुट्टे द्या, शंभरच्या आणि वीसच्या.’ बोटांनी दाखवलं तरी समजतं. दिले नाहीत तर वरच्या मजल्यावरच्या किराणा दुकानात पाण्याची बाटली घेऊन हजाराची नोट तिथे मोडावी. त्या दुकानांना मोड ठेवावीच लागते. आणि हातातून नोट खाली पडून वाऱ्याने सरकली तर ती पायाने अडवायची नाही. प्रत्येक नोटेवर राजाचं चित्र आहे, आणि त्यावर पाय देणं तिथे फार मोठा अपमान समजतात. आपल्याकडेही लक्ष्मीला पाय लागला तर आपण नमस्कार करतो, तेव्हा हे वेगळं समजवायला नको.

आपल्याला आता यूपीआयची सवय इतकी लागली आहे की रोख कशाला, हा प्रश्न येतोच. थायलंडमध्येही भाजीच्या गाडीवर क्यूआर लावलेला दिसतो, पण तो प्रॉम्प्टपेचा, थाई बँकेच्या खात्याशी जोडलेला. आपलं ॲप त्याच्यासमोर धरून उपयोग नसतो. मॉल, हॉटेल, मोठी उपाहारगृहं यांच्याकडे कार्ड चालतं. रस्त्यावरचं खाणं, रात्रीचे बाजार, नावा, टुकटुक, मसाजची छोटी दुकानं, देवळांतली तिकिटं, बक्षिशी, हे सगळं रोखीचं जग आहे. चौघांच्या कुटुंबाला पाच दिवसांत हॉटेल आणि विमान सोडून वीस-पंचवीस हजार बाट रोख लागतात, असा माझा अंदाज आहे. सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांना याच्या निम्मे.

एटीएमकडे पुन्हा येतो, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथे होतो, आणि तो बहुतेक घरून निघतानाच झालेला असतो. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवीन किंवा बदलून आलेलं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी सुरू असतं. परदेशातला वापर आपण ॲपमध्ये जाऊन चालू करायचा. तिथेही एटीएम, दुकानातलं यंत्र आणि ऑनलाइन यांची बटणं वेगवेगळी असतात. लोक ऑनलाइनचं चालू करतात आणि एटीएमचं विसरतात. दुसरं, दिवसाची मर्यादा रुपयांत असते. ती ४०,००० वर ठेवलेली असेल आणि तुम्ही २०,००० बाट मागितले, म्हणजे ५२,००० रुपये, तर यंत्र नुसतं ‘व्यवहार नाकारला’ म्हणतं. का, ते सांगत नाही. माणूस घाबरून तीनदा पिन टाकतो आणि कार्ड अडकवून घेतो. असं झालं तर रक्कम निम्मी करून एकदा पाहा, मग ॲप उघडा. त्यासाठी फोनला इंटरनेट हवं, आणि मर्यादा बदलायला ओटीपी लागत असेल तर भारतातलं सिम रोमिंगवर चालू हवं. हे सगळं घरच्या सोफ्यावर पाच मिनिटांचं काम आहे.

यंत्रात कार्ड घातल्यावर भाषा इंग्रजी निवडा, पिन टाका, ‘विड्रॉल’ आणि मग खात्याचा प्रकार ‘सेव्हिंग्ज’. रक्कम टाकली की शुल्काची सूचना येते, २२० बाट लागतील, मान्य आहे का. याला हो म्हणावंच लागतं. त्यानंतर येतो तो पडदा नीट वाचायचा. त्यावर तुमच्या रकमेचे रुपये करून दाखवलेले असतात, भाव लिहिलेला असतो, आणि खाली दोन पर्याय. एक ‘विथ कन्व्हर्जन’, दुसरा ‘विदाउट कन्व्हर्जन’. कधी ‘ॲक्सेप्ट’ आणि ‘डिक्लाइन’. रुपयांत आकडा दिसला की जीव भांड्यात पडतो, ओळखीचं काहीतरी समोर आलं असं वाटतं, आणि बोट ‘ॲक्सेप्ट’वर जातं. तिथे पैसे जातात. भाव तुमच्या बँकेचा किंवा कार्डाच्या जाळ्याचा, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्डसारख्या कंपनीचा, राहत नाही, यंत्रवाल्याचा होतो. त्यात पाच-सहा टक्के सहज मिसळलेले असतात. आपल्या उदाहरणातले २६,५७२ रुपये सरळ २८,००० च्या घरात जातात, आणि काही भारतीय बँका परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावर आपलं वेगळं शुल्क वर लावतात. म्हणजे मार्कअप नसलेलं कार्ड मुद्दाम मिळवलं आणि त्या एका बटणाने त्याचा सगळा फायदा घालवला. ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ दाबलं तर व्यवहार रद्द होईल अशी भीती वाटते. होत नाही. फक्त रूपांतर नाकारलं जातं, पैसे बाहेर येतात. दुकानातल्या यंत्रावर ‘रुपी की बाट’ असं विचारलं तरी उत्तर तेच, बाट.

काही यंत्रं आधी पैसे देतात आणि कार्ड नंतर बाहेर ढकलतात. नोटा मोजत माणूस वळतो आणि कार्ड राहून जातं. कार्ड हातात आल्याशिवाय नोटांकडे पाहायचंच नाही. पैसे आले नाहीत पण खात्यातून वजा झाले, असंही होतं. अशा वेळी चिठ्ठी जपायची, यंत्राचा क्रमांक, वेळ आणि जागा यांचा फोटो काढायचा आणि तक्रार आपल्या भारतातल्या बँकेकडेच करायची. बहुतेकदा पैसे परत येतात, पण काही आठवडे जातात. म्हणून सगळी भिस्त एकाच कार्डावर नको. शक्य असेल तर विमानतळावरच्या बँकेच्या शाखेला लागून असलेलं यंत्र निवडावं. कार्ड आत अडकलं तर निदान विचारायला माणूस असतो.

क्रेडिट कार्डाने रोख काढणं हा शेवटचा उपाय. अडीच टक्क्यांच्या आसपास शुल्क, त्याला चारपाचशे रुपयांची किमान मर्यादा, आणि व्याज पहिल्या दिवसापासून. प्रीपेड फॉरेक्स कार्ड घेणाऱ्यांनी त्यावर बाट भरता येतात का ते आधी पाहावं. काहींवर येतात, काहींवर नाही. डॉलर भरलेलं कार्ड थायलंडमध्ये वापरलं की डॉलरचे बाट होताना दुसऱ्यांदा बट्टा बसतो, आणि तो तळघरातल्या टपरीपेक्षा जास्त असतो.

हे सगळं बँकॉकचं. दुसऱ्या देशात नियम तोच, जागा बदलते. दुबईत दिरहम डॉलरला ३.६७२५ या भावाने १९९७ पासून बांधलेला आहे, त्यामुळे खिडकीवरचा बट्टा पाठ असलेल्या आकड्याशी लगेच ताडता येतो. जपानमध्ये मला खिडकीपेक्षा विमानतळावरची किराणा दुकानांच्या बँकेची यंत्रं जास्त भरवशाची वाटतात. युरोपात विमानतळाच्या खिडक्यांपासून शक्य तितकं लांब राहावं आणि खऱ्या बँकेचं एटीएम शोधावं. झेक प्रजासत्ताकात बदलणाऱ्यांकडून प्रवासी इतके नाडले जात की २०१९ पासून तिथे पावती दाखवून तीन तासांच्या आत छोटा व्यवहार रद्द करण्याचा हक्क कायद्याने दिला. असा कायदा सगळ्या देशांत व्हायला हवा, असं मनापासून वाटतं. दमलेल्या माणसाला शांतपणे दुसऱ्यांदा विचार करायला तेवढे तीन तास पुरतात.

परतताना उरलेले बाट मुंबईत आणून विकू नयेत. इथे पुन्हा मोठा बट्टा बसेल. दोन-तीन हजार बाटांहून जास्त उरले असतील तर शहरातच किंवा तळघरात त्यांचे डॉलर करून घ्यावेत. थोडे उरले तर पुढच्या वेळच्या टॅक्सीसाठी सुट्ट्या नोटा एका पाकिटात ठेवून द्याव्यात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात, त्याहून जास्त असतील तर १८० दिवसांत परत करायच्या.

नाणी मात्र कुणीच बदलून देत नाही, ना तिकडे ना इकडे. शेवटच्या दिवशी पाच आणि दहाची नाणी वेगळी काढून खिशात ठेवावीत, आणि फाया थाइ स्टेशनवर विमानतळाचं ४५ बाटांचं तिकीट काढताना यंत्रात एकेक करून टाकावीत. चार दहाची, एक पाचाचं.